निदान मागा, चिठ्ठी विकत घेऊ नका

'एडीएचडी' हा शब्द आता आपल्या वस्त्यांतही पोचला आहे. तो डॉक्टरांकडून आला नाही, मोबाईलवरून आला. अर्ध्या मिनिटाचा व्हिडीओ असतो. तुम्ही चाव्या विसरता का? समोरच्याचे बोलणे मध्येच तोडता का? कामे अर्धवट टाकता का? मग तुम्हाला एडीएचडी असू शकतो, असे तो सांगतो. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला वाटते, ही तर माझीच गोष्ट. दोन लेकरांच्या आईला वाटते, लहानपणापासून माझे असेच होत आले आहे. मग पुढचा प्रश्न येतो : तपासायचे कुठे आणि पैसे किती लागतील?

यावर आपल्या घरांत दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. जुनी माणसे म्हणतात, "थे श्रीमंताइचे चोचले हायेत, आपल्याले असे रोग होत नाहीत." नवी पिढी म्हणते, पैसे भरू, रिपोर्ट आणू आणि मोकळे होऊ. पहिल्या उत्तरात माणसाचे आयुष्य वाया जाते, दुसऱ्यात घराचा पैसा. या लेखातले म्हणणे असे की, मोठ्या वयातही हे निदान मागणे आपला हक्क आहे. मात्र जे मागायचे ते खरे निदान असले पाहिजे. दहा मिनिटांत विकत मिळालेल्या कागदाला निदान म्हणत नाहीत.

'निदान' हा शब्द आपल्याला नवा नाही. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा निदानांबद्दल आपण विहारात ऐकले आहे. तिथे निदान म्हणजे कारण. हे असल्यामुळे ते होते, अशी कारणांची साखळी शोधत जाणे. डॉक्टरांनी करायचे कामही तेच आहे. ज्या तपासणीत कारण शोधलेच जात नाही, तिला निदान कसे म्हणायचे?

हे खूळ आहे की आजार?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवता न येणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांचा मेंदूच्या वाढीशी जोडलेला त्रास. तो मोबाईलमुळे जन्मला नाही. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली होती. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत १९८० मध्ये लक्ष न टिकण्याच्या या त्रासाला वेगळे नाव मिळाले आणि १९८७ मध्ये आजचे नाव आले. बरीच वर्षे समज असा होता की हा लहान मुलांचा त्रास आहे, वयाबरोबर जातो. आता कळले आहे की अनेकांमध्ये तो मोठेपणीही राहतो. फक्त त्याचे रूप बदलते. लहानपणी बाकावर न बसणारा मुलगा मोठेपणी खुर्चीवर बसतो, पण त्याचे डोके बसत नाही.

जगभरातल्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये एकत्र येऊन मांडलेल्या निष्कर्षांनुसार प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे अडीच टक्के आहे. म्हणजे चाळीस माणसांमागे एक. चारशे प्रौढांच्या वस्तीत या हिशेबाने दहा जण निघतील. हा त्रास बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. त्यामुळे मुलाला तपासायला नेल्यावर बापाच्या लक्षात येते की आपलेही असेच होते. मल्याळम सिनेमातला नामांकित नट फहाद फासिल याने २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले की त्याला हे निदान वयाच्या ४१व्या वर्षी मिळाले. पैसा, नाव आणि मोठी शहरे हाताशी असलेल्या माणसाला इतका उशीर लागला. मग महात्मा फुलेंच्या जयंतीच्या दिवशीसुद्धा रोजमजुरी चुकवू न शकणाऱ्या माणसाचे काय?

आपल्याकडे याला दुसरे नाव मिळते

आपल्या घरात अशा लेकराला धांदरट म्हणतात, बिनडोक म्हणतात, "पोट्टं हुशार हाय, पण एका जागी बसतच नाही" म्हणतात. मुलगी असली तर तेवढेही म्हणत नाहीत. ती दंगा करत नाही, खिडकीबाहेर बघत बसते आणि मागच्या बाकावर विसरली जाते. पुढे लग्न झाल्यावर दूध उतू गेले, गॅसचे पुस्तक हरवले, लेकराच्या शाळेच्या सभेची तारीख चुकली की तिला 'हिला संसार जमत नाही' हे प्रमाणपत्र मिळते. ते देताना मात्र कोणी तपासणी करत नाही.

घराबाहेर तर आणखी वाईट. वर्गात किंवा कचेरीत आपला मुलगा अडखळला की त्याचे कारण मेंदूत शोधले जात नाही, जातीत शोधले जाते. 'राखीव जागेवरून आला, लायकी कुठून असणार?' हे तोंडावर बोलले जात नसेल, पण नजरेतून कळते. असे वारंवार घडले की मुलगा स्वतःही तेच मानू लागतो. एमपीएससीचा अर्ज शेवटच्या रात्री भरायचा राहतो, पुस्तकाची पहिली चाळीस पाने चार वेळा होतात आणि एक्केचाळिसावे पान कधी येत नाही. मग तो म्हणतो, आपल्यात काही दमच नाही. शिक्षणाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या समाजात हा शब्द जिव्हारी लागतो.

म्हणूनच 'हे श्रीमंतांचे चोचले' म्हणणाऱ्या ज्येष्ठांना सांगायचे आहे की, श्रीमंताच्या मुलाकडे वेळ वाया घालवायला पैसा असतो. त्याची दोन वर्षे गेली तरी बापाचे दुकान असते. आपल्या मुलाला एकच संधी असते. या आजाराची किंमत गरिबालाच जास्त मोजावी लागते.

पण प्रत्येक विसराळूपणा एडीएचडी नसतो

ही बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. डॉक्टर ज्या कसोट्या वापरतात त्या साध्या शब्दांत अशा : काही लक्षणे वयाच्या बारा वर्षांआधीपासून असली पाहिजेत. ती सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेली असावीत. घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत. लक्ष न टिकण्याची नऊ आणि चंचलतेची नऊ अशी लक्षणांची यादी आहे, त्यांतल्या एका गटातली किमान पाच लक्षणे प्रौढ माणसात असावीत. त्यांमुळे जगण्यात खरोखर अडथळा येत असावा. आणि ही लक्षणे दुसऱ्या एखाद्या आजाराने अधिक चांगली समजत नसावीत.

ही शेवटची कसोटी आपल्यासाठी फार मोलाची आहे. एमआयडीसीत रात्रपाळी करून दिवसा शिकवणीला जाणाऱ्या मुलाचे लक्ष लागणारच नाही, त्याला झोप हवी आहे. बाईच्या अंगात रक्त कमी असेल, थायरॉईड बिघडला असेल, तर थकवा आणि विसराळूपणा येतो. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, त्याच्या वेदनांत आणि थकव्यात कोणाचे मन एकाग्र होईल? उदासीनतेचा आजार, सततची काळजी, दारू, यांनीही लक्ष उडते. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यानेही उडते. खर्ऱ्याचे तर दोन्हीकडून आहे : डोके थाऱ्यावर यावे म्हणून काही जण खर्रा धरतात आणि मग त्याच्या तलफेने डोके थाऱ्यावर राहत नाही.

यातले अनेक त्रास साध्या रक्ततपासणीत आणि दहा प्रश्नांत कळतात, त्यांवर उपचारही स्वस्त आहेत. म्हणून पहिली पायरी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि सिकलसेल तपासण्याची. कदाचित तुमचे उत्तर तिथेच मिळेल आणि पुढचा खर्च वाचेल.

खासगीत जाताना

खासगी डॉक्टरकडे जाणे चूक नाही. चांगले, सचोटीचे मानसोपचारतज्ज्ञ अमरावतीत आणि अकोल्यातही आहेत. ओळखीचे कोणी बघेल ही भीती, सरकारी ओपीडीतली गर्दी, रोजी बुडणे, यांमुळे माणूस खासगीकडे वळतो हेही समजण्यासारखे आहे. धोका आहे तो या मागणीवर उभ्या राहिलेल्या बाजाराचा.

२०२३ मध्ये इंग्लंडमध्ये बीबीसीच्या 'पॅनोरामा' कार्यक्रमाने हा बाजार उघडा पाडला. त्यांचा एक पत्रकार रुग्ण बनून तीन खासगी दवाखान्यांशी व्हिडीओवर बोलला. तिन्हींनी त्याला एडीएचडी असल्याचे सांगितले. त्याच माणसाला तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या मानसोपचारतज्ज्ञाने समोर बसवून तीन तासांहून अधिक वेळ तपासले आणि सांगितले की तुला हा आजार नाही. जिथे कायदेकानू कडक आहेत तिथली ही गत. आपल्याकडे सावध राहायला नको?

पैसे भरण्याआधी पुढचे प्रश्न विचारा. विचारताना संकोच करू नका, फी तुम्ही देणार आहात.

तपासणार कोण? औषध लिहिण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरचा. मानसशास्त्रीय चाचण्या घेणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी. केवळ 'समुपदेशक' अशी पाटी पुरेशी नाही.

एकूण खर्च किती? पहिल्या भेटीची फी, चाचण्यांचे पैसे, रिपोर्टचे पैसे आणि पुढच्या भेटी, असा सगळा हिशेब आधी मागा.

लहानपणाची चौकशी करणार का? आई, मोठा भाऊ, बहीण यांच्याशी डॉक्टर बोलणार नसतील, शाळेचे जुने प्रगतिपुस्तक बघणार नसतील, तर बारा वर्षांआधीची कसोटी ते कशी लावणार?

दुसरी कारणे तपासणार का? झोप, रक्त, थायरॉईड, उदासीनता, व्यसन यांबद्दल एकही प्रश्न न विचारता निकाल देणाऱ्याकडून उठून यावे.

निदानानंतर पुढे काय? नाडी, रक्तदाब आणि वजन कोण बघणार, भेट किती दिवसांनी, औषध कुठे मिळणार?

आणखी एक लक्षात ठेवा. एडीएचडी दाखवणारी रक्ततपासणी नाही, मेंदूचा फोटोही नाही. हे निदान सविस्तर बोलण्यातून, जुन्या माहितीतून होते. 'ब्रेन मॅपिंग'चे महागडे पॅकेज कोणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली १८ प्रश्नांची प्रश्नावली फुकट मिळते. तिच्यासाठी पैसे मोजू नका. आणि तिच्यातून एवढेच कळते की डॉक्टरकडे जायला हवे की नको. ती भरली म्हणजे निदान झाले असे नाही.

प्रमाणपत्राच्या आशेनेही पैसे घालू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. त्यांत सिकलसेल आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडी हे नाव स्वतंत्रपणे नाही. 'हा रिपोर्ट दाखवला की परीक्षेत सवलत मिळेल' असे सांगणाऱ्याला शासनाचा आदेश दाखवायला सांगा.

गोळीबद्दल

या आजारावर जास्त वापरले जाणारे औषध मिथाइलफेनिडेट. आपल्या देशात ते 'शेड्यूल एक्स' या सर्वांत कडक यादीत आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषध दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते आणि वेगळा परवाना असलेल्या दुकानातच ते मिळते. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ते फोनवर किंवा व्हिडीओवर लिहून देता येत नाही. म्हणून मोबाईलवर पैसे भरून ही गोळी मिळवून देतो म्हणणारा माणूस नियम मोडतो आहे, हे नक्की समजा. दर्यापूर, अचलपूर किंवा मूर्तिजापूरला राहणाऱ्याने औषध सुरू करण्याआधीच विचारावे की ते दर महिन्याला कुठून आणायचे. अॅटोमॉक्सेटीन हे दुसरे औषध या यादीत नाही, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

अभ्यासिकेतल्या मुलांना कळकळीने सांगणे आहे : मित्राची गोळी 'अभ्यासाची गोळी' म्हणून घेऊ नका. भूक मरते, झोप उडते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. हृदयाचा किंवा पूर्वीचा मनाचा मोठा आजार असेल तर जिवावर बेतू शकते.

इथे आपल्या घरांत एक प्रामाणिक शंका निघते. पंचशील घेतलेल्या माणसाने डोक्यावर काम करणारे असे औषध घ्यावे का? पाचवे शील रोज म्हणताना त्यातल्या 'पमाद' या शब्दाकडे लक्ष द्या. पमाद म्हणजे बेसावधपणा. तो आणणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचे ते शील आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत, सावधपणा यावा म्हणून घेतलेले औषध त्या शीलाच्या विरोधात कसे जाईल? तथागतांनी स्वतः जीवक वैद्याकडून औषध घेतले होते. 'ध्यान कर, सगळे ठीक होईल' हा सल्लाही जपून द्यावा. आनापानाने अनेकांना मदत होते. पण ज्याला एका जागी पाच मिनिटे बसवत नाही, त्याला ध्यान जमले नाही म्हणून पुन्हा अपराधी ठरवू नये.

सरकारी दार ठोठवा

आता मुख्य प्रश्न. खासगीचे एकच दार आपल्याला का दिसावे? अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मानसोपचार विभाग आलाच. अमरावतीत इर्विन आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सरकारी यंत्रणेतूनच चालतो. शेतकरी आत्महत्यांमुळे शासनाने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे होते. म्हणजे मनाच्या आजारासाठी माणसे नेमायची ठरवली तर शासनाला नेमता येतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतली तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयात आली नव्हती, तरी तिथले दर खासगीपेक्षा फारच कमी असतात. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि जवळचा दवाखाना विचारता येतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ चे कलम १८ म्हणते की सरकारने चालवलेल्या किंवा अनुदान दिलेल्या सेवेतून मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, हा उपचार मोफत आहे. कायद्याने सांगितलेली किमान सेवा जिल्ह्यात नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या केंद्रातला खर्च शासनाने उचलायचा, असेही तिथेच लिहिले आहे.

कागदावर हक्क आहे, तरी दारात गेल्यावर 'हा लहान मुलांचा आजार आहे, मोठ्यांचा नाही' असे ऐकावे लागू शकते. देशातल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की मनाच्या वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून मागणी आपणच करावी लागेल : आठवड्यातला एक ठरलेला दिवस सर्वोपचारमध्ये आणि इर्विनमध्ये प्रौढांच्या या तपासणीसाठी राखून ठेवावा, तिथे प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावा आणि लागणारे औषध दवाखान्यातच मिळावे. विहार समित्यांनी आणि महिला मंडळांनी जिल्हा शल्यचिकित्सक व अधिष्ठाता यांना तसे लेखी निवेदन द्यावे. पोच घ्यायला विसरू नये.

जाताना काय न्यावे? आईला किंवा लहानपण पाहिलेल्या कोणाला सोबत न्या. जुनी प्रगतिपुस्तके, रक्ताचे रिपोर्ट, सध्याच्या औषधांची नावे न्या. रोजच्या जगण्यात कुठे अडते त्याच्या दहा ओळी आधीच लिहून ठेवा, कारण डॉक्टरांसमोर नेमके तेच आठवत नाही. पहिल्या भेटीत निकाल मिळाला नाही तर नाराज होऊ नका, दोन-तीन भेटी लागणे हे चांगल्या तपासणीचे लक्षण आहे. बचत गटाचे कर्ज किंवा व्याजाचे पैसे या कामासाठी काढू नका. आणि मानसोपचाराच्या ओपीडीत गेलेल्या माणसाला 'याले आता नागपूरले नेऊन टाका' असे हसणारा कोणी वस्तीत असेल, तर तिथल्या तिथे त्याला गप्प करा.

आजारी भिक्खूला बाकीच्यांनी वाऱ्यावर सोडले तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने त्याला धुतले, ही कथा आपण दर वर्षावासात ऐकतो. आपल्याला तेवढेही करायचे नाही. सोमवारी ओपीडीच्या रांगेत कोणाची तरी सोबत करायची आहे, एका माणसाची एक दिवसाची रोजी आपसांत भरून द्यायची आहे. निदान 'आहे' असे निघाले तर उपचार आहेत. 'नाही' असे निघाले तर खरे कारण शोधायचे आहे. दोन्ही वेळा त्या माणसाच्या कपाळावरचा 'बिनडोक' हा शिक्का पुसला जाईल, आणि त्यासाठी घरातली दागिना-भांडी गहाण पडणार नाहीत.

जय भीम.